सोबत पँट जोडली आहे

अर्जासोबत मूळ कागद जोडू नये, प्रत जोडावी, हे वाक्य हेडक्लार्कांनी एकतीस वर्षं खिडकीच्या जाळीआडून लोकांना ऐकवलं होतं. ऐकवताना त्यांच्या आवाजात थोडी कीवही असायची, कारण मूळ कागद एकदा कचेरीच्या पोटात गेला की त्याचं पुढे काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ह्याच गृहस्थांनी एका साध्या अर्जासोबत आपली मूळ पँट जोडली. आता पँटची प्रत कुठून आणणार, हा त्यांचा बचाव होता. घरात तो कोणी मान्य केला नाही.

खरं तर हेडक्लार्कांचा आणि गोल्फचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत त्यांची हयात गेली. नोकरीच्या शेवटच्या वर्षी ते दप्तरखान्यातल्या शिडीवरून पडले आणि कंबर धरून बसली. निवृत्तीनंतर ते जे खिडकीजवळच्या खुर्चीत रुतले ते वर्षभर उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, चाला. पण कामाशिवाय चालणं हे त्यांच्या दृष्टीने आदेशाशिवाय दौऱ्यावर जाण्यासारखं होतं. मग पाण्याच्या टाकीमागे जे सार्वजनिक गोल्फचं मैदान आहे तिथे ते एकदा सहज थांबले, आणि त्यांच्या लक्षात आलं की हा खेळ म्हणजे चालणंच आहे, पण सकारण. चेंडू पुढे, माणूस मागे. चेंडू भोकात गेला की प्रकरण निकाली. अशी अठरा प्रकरणं एका सकाळी निकाली निघतात, हे पाहून त्यांना आपल्या कचेरीची थोडी लाजच वाटली.

अडचण एकच होती. काठी फिरवायची तर कमरेतून वळावं लागतं, आणि नेहमीच्या पँटीत त्यांना वळता येईना. वाकून खिशातून चेंडू काढायचा म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. हे बघून बायकोने त्यांना एक पँट शिवून दिली. बावीस वर्षं शाळांचे गणवेश शिवलेला तो हात. बसण्याच्या जागी एक जादा तुकडा घातलेला, कमरेला मागच्या बाजूने इलॅस्टिक, आणि दोन्ही मांड्यांवर बाहेरून लावलेला एकेक ऐसपैस खिसा. डाव्यात चेंडू, उजव्यात चष्मा आणि पेन्सिल. हात सरळ खाली सोडला की वस्तू हाताशी. ती बदामी पँट घालून हेडक्लार्क असे वळू लागले की मैदानावरची मंडळी त्यांना वय विचारू लागली. दोन वर्षांत ते त्या मैदानावरचे साठीपुढचे विजेते झाले.

आता रिवाज असा होता की दरवर्षी ह्या विजेत्याचा आणि नदीपलीकडच्या मोठ्या क्लबातल्या साठीपुढच्या विजेत्याचा एक सामना क्लबच्या हिरवळीवर व्हायचा. निमंत्रण आलं. ते एका पानाचं होतं, आणि सोबत ‘पोशाखाचे नियम’ नावाची पुस्तिका होती, ती चौदा पानांची.

एखाद्याने कादंबरी वाचावी तशी हेडक्लार्कांनी ती पुस्तिका वाचली. शर्टाला कॉलर हवी. शर्ट आत खोचलेला हवा. टोपीचं तोंड पुढे हवं. हाफ पँट घातल्यास मोजे कुठपर्यंत यावेत याची तर आकृतीच दिली होती, तीत एक बिनडोक्याचा माणूस गुडघे दाखवत उभा होता. सहाव्या पानावर परिशिष्ट तीन पाहावे असं म्हटलं होतं आणि परिशिष्टं दोनच होती, हे सापडल्यावर हेडक्लार्कांचा दिवस सार्थकी लागला. मग नवव्या पानावर कलम सात, पोटकलम ब आलं. बाहेरून लावलेले खिसे असलेली पँट मैदानावर चालणार नाही. त्यांची पेन्सिल तिथेच थांबली.

“घालून जा हो तुम्ही,” बायको म्हणाली. “माणसं चेंडू बघतील की तुमच्या मांड्या?”

हा सल्ला उत्तम होता आणि हेडक्लार्कांनी तो मानला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याच पानावर पोटकलम ‘ड’ही होतं. शंका असल्यास समितीकडे लेखी विचारणा करावी. लेखी विचारणा करावी, हे वाचल्यावर ज्याला गप्प बसवतं तो माणूस वेगळा. हेडक्लार्कांनी तीन प्रतींत अर्ज लिहायला घेतला.

तोवर बातमी इमारतीत पसरली होती. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर येऊन म्हणाले की दुकानातून सरळ एक तयार पँट आणा, विषय संपवा. समोरचे विमा एजंट म्हणाले की शर्ट लांब घाला आणि बाहेर सोडा, खिसे आपोआप झाकले जातील. शर्ट खोचण्याचा नियम दाखवल्यावर ते थोडा वेळ विचारात पडले आणि मग म्हणाले की पँट उलटी करून घाला, म्हणजे खिसे आतून होतील. विमा कंपनीने ह्या माणसाला तीनदा सर्वोत्तम एजंटचं पदक दिलं होतं.

अर्जाला पँटचा फोटो जोडला. बायकोने तो वाळत घातलेल्या पँटचा काढला होता. वारा सुटलेला, त्यामुळे फोटोत कोणी तरी कमरेपासून वरचा भाग घरी विसरून पळत सुटल्यासारखं दिसत होतं. चार दिवसांनी क्लबच्या सेक्रेटरीचं उत्तर आलं. छायाचित्रावरून बोध होत नाही, तरी प्रत्यक्ष नमुना सादर करावा.

आणि हेडक्लार्कांनी तो सादर केला. क्लबच्या कचेरीत आवक-जावक सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. चष्मा दोरीला, पेन केसात. त्यांनी पँट उलगडली, दोन्ही पाय मोजून पाहिले, नोंदवहीत ‘पँट, बदामी, एक’ असं लिहिलं आणि कमरपट्ट्याला टाचणीने चिठ्ठी लावली. आवक क्रमांक दोनशे बारा. हेडक्लार्क ते काम बघतच राहिले. इतक्या दिवसांत इतकी स्वच्छ नोंद त्यांनी पाहिली नव्हती. बाईंनी पोच दिली, ती घडी घालून खिशात ठेवून ते शीळ घालत घरी आले.

“पँट कुठाय?” बायकोने विचारलं.

“सादर केली.”

“म्हणजे?”

“म्हणजे समितीपुढे ठेवली. गुरुवारी बैठक आहे.”

बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. सामन्याला तेवीस दिवस होते. सराव काय पोच घालून करणार का, असं तिने विचारलं, तेव्हा कुठे हेडक्लार्कांनी खिशातली पोच काढून पुन्हा एकदा वाचली.

गुरुवारी बैठकीला पुरेसे सदस्य आले नाहीत. पुढच्या गुरुवारी आले, पण त्यातल्या एकाचं म्हणणं पडलं की खिशांचा प्रश्न धोरणात्मक आहे, त्यासाठी उपसमिती नेमावी. हेडक्लार्क रोज फोन करत आणि पलीकडून त्यांची स्वतःचीच वाक्यं त्यांना ऐकू येत. प्रकरण विचाराधीन आहे. साहेब बाहेरगावी आहेत. पुढच्या आठवड्यात चौकशी करा. पँट तेवढी परत द्या, असं त्यांनी विनवून पाहिलं. बाई शांतपणे म्हणाल्या की निर्णय होईपर्यंत नमुना प्रकरणातून काढता येत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या जागी हेडक्लार्क असते तर तेही हेच म्हणाले असते. रागवायचं तरी कोणावर?

सराव बुडून चालणार नव्हतं. दुकानातून एक तयार पँट आणली. ती दिसायला फार रुबाबदार होती. पहिल्या होलवर हेडक्लार्कांनी काठी मागे घेतली, पुढे आणली आणि चेंडूच्या आवाजाआधी दुसराच एक आवाज झाला. उरलेले सतरा होल त्यांना स्वेटर कमरेला बांधून खेळावे लागले, तेही सगळ्यांकडे तोंड करून. मग दातांच्या डॉक्टरांनी आपली एक पँट देऊ केली. डॉक्टर सहा फूट दोन इंच. पाय चार वेळा दुमडूनही हेडक्लार्क गोणीत घालून शर्यतीला उभे केल्यासारखे दिसत होते. तिसऱ्या होलवर एक दुमड सुटली आणि ते वाळूच्या खड्ड्यात पालथे झाले. चेंडूही तिथेच होता, एवढंच समाधान. कंबर पुन्हा धरली. संध्याकाळी ते खिडकीजवळच्या त्या जुन्या खुर्चीत जाऊन बसले, आणि बायकोने ते पाहिलं. तिने शेकायला पाणी तापत ठेवलं. पण त्या खुर्चीत बसलेला माणूस तिने वर्षभर सांभाळला होता आणि तो पुन्हा तिथे बसलेला तिला नको होता.

सामन्याच्या तीन दिवस आधी पत्र आलं. हेडक्लार्कांनी ते मोठ्याने वाचलं, कारण पत्र मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती. सादर केलेला नमुना कलम सात ब अन्वये नामंजूर. शिवाय सदर वस्त्राची शिलाई घरगुती स्वरूपाची असून क्लबच्या दर्जाला साजेशी नाही. अर्जदाराने सामन्याच्या दिवशी कार्यालयातून क्लबची पँट तात्पुरती घ्यावी.

दुसरं वाक्य वाचून झाल्यावर आपण ते मनात वाचायला हवं होतं, हे त्यांना कळलं. बायकोने पत्र मागून घेतलं, स्वतः वाचलं, घडी केली.

“बावीस वर्षं शिवतेय,” ती म्हणाली. “एक टाका उसवून परत आलेला नाही. घरगुती म्हणे.”

आणि ती आत गेली. शिलाई मशीनवर कापड झाकल्याचा आवाज आला. दुपारच्या वेळी ती मशीन कधी झाकत नसे.

हेडक्लार्कांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही कचेरीच्या आदेशाविरुद्ध ब्र काढला नव्हता. आदेश म्हणजे पाऊस, तो पडतो, आपण छत्री घ्यायची, इतकं त्यांचं तत्त्वज्ञान साधं होतं. पण त्या दुपारी छत्री घ्यायची त्यांची तयारी नव्हती. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो अर्ज नाकारले होते. पण तारीख चुकली म्हणून, सही नाही म्हणून. अर्जदाराच्या बायकोच्या हाताबद्दल त्यांनी एक अक्षर कधी लिहिलं नव्हतं. ते उठले आणि आत जाऊन म्हणाले, “मी खेळणार. आणि तीच पँट घालून खेळणार. तू बरोबर चल.”

रविवारी सकाळी दोघं बसने क्लबवर पोचली. हेडक्लार्क त्या डॉक्टरांच्याच पँटीत होते, तिला बायकोने आता रीतसर दुमड घातली होती. कचेरीत सेक्रेटरी उभे होते. उंच, किडकिडीत, पँटला अशी कडक इस्त्री की तिच्या धारेवर भाजी चिरावी. टेबलावर क्लबची तात्पुरती पँट ठेवली होती. ती चौकटीची होती आणि कुठल्या तरी अतिशय सुखवस्तू माणसासाठी बनवलेली होती. तिच्यात हेडक्लार्क दोनदा मावले असते.

हेडक्लार्कांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. प्रकरणाचा निर्णय झालेला असल्यामुळे नमुना अर्जदारास परत मिळावा, असं त्यांनी आवक-जावकच्या बाईंना सांगितलं. बाईंनी नोंदवही काढली, सही घेतली, कपाटातून पँट काढून दिली. हेडक्लार्क शेजारच्या खोलीत गेले आणि ती घालून बाहेर आले. कमरपट्ट्यावर जांभळ्या शाईचा ‘नामंजूर’ असा शिक्का होता. तो नीट दिसावा म्हणून त्यांनी शर्ट जरा जास्तच आत खोचला.

सेक्रेटरी म्हणाले की ह्या पँटीत तुम्हाला मैदानावर पाऊल टाकता येणार नाही. हेडक्लार्क म्हणाले की मग सामना होणार नाही आणि का झाला नाही ते क्लबने लेखी द्यावं. बाहेर माणसं जमू लागली होती. क्लबकडून खेळणारे गृहस्थ क्लबचे माजी अध्यक्ष होते. ते दारात काठीवर रेलून उभे राहिले. सेक्रेटरींनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुस्तिका उघडून कलम सात अगदी पोटकलम ‘अ’पासून वाचायला सुरुवात केली. वस्त्र नीटनेटके व पूर्ण शिवलेले असावे.

एवढा वेळ बायको कोपऱ्यातल्या बाकावर बसून होती. ती सेक्रेटरींच्या पायांकडे बघत होती. शिवणाऱ्या बाईला माणसाचा चेहरा शेवटी दिसतो, आधी शिवण दिसते.

“अहो,” ती हेडक्लार्कांना म्हणाली, “ह्यांच्या डाव्या पायाची दुमड स्टेपलरने मारलेली आहे.”

सगळ्यांनी पाहिलं. खरोखरच इस्त्रीच्या त्या धारेखाली तीन पिना चमकत होत्या. सकाळी घाईत सुटली, म्हणून तात्पुरती सोय केली, असं सेक्रेटरी काही तरी पुटपुटले. हेडक्लार्कांनी टेबलावरचे तीन कोरे कागद ओढले आणि उभ्याउभ्या लिहायला सुरुवात केली. कलम सात ड अन्वये विचारणा. सेक्रेटरी महोदयांची पँट कलम सात अ अन्वये पूर्ण शिवलेली आहे किंवा कसे, याबाबत समितीने निर्णय द्यावा. खाली सही, तारीख. मधे दोन कार्बन घातले होते. कागद त्यांनी बाईंपुढे ठेवला.

बाईंनी चष्मा लावून तो सगळा वाचला. क्रमांक टाकला. मग त्यांनी मान वर केली आणि सेक्रेटरींपुढे हात केला.

“नमुना?” त्या म्हणाल्या.

सेक्रेटरी म्हणाले, अहो बाई, काय बोलता. बाई म्हणाल्या की पँटबाबत विचारणा आल्यास नमुना घेण्याची पद्धत साहेबांनीच मागच्या महिन्यात घालून दिली आहे, आणि निर्णय होईपर्यंत साहेबांना क्लबची तात्पुरती पँट घेता येईल. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. सगळ्यांच्या नजरा त्या चौकटीच्या पँटीकडे वळल्या. माजी अध्यक्षांना अचानक खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना.

शेवटी सेक्रेटरींनी पेन काढलं. विशेष बाब म्हणून, केवळ आजच्या दिवसासाठी, बाहेरच्या खिशांस परवानगी. हेडक्लार्कांनी त्यावर जावक क्रमांक मागितला. तो मिळाल्यावर आपली विचारणा त्यांनी मागे घेतली, तीही लेखी.

“आणि शिलाईबद्दलचं ते वाक्य?” बायकोने विचारलं.

ते समितीचं मत आहे, ते काढायचा अधिकार आपल्याला नाही, असं सेक्रेटरी म्हणाले. ती म्हणाली, बरं. पण ते ज्या तऱ्हेने म्हणाली ते हेडक्लार्कांना चांगलं ओळखीचं होतं.

सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला. हेडक्लार्क जिंकले असं सांगायला फार आवडलं असतं, पण क्लबची हिरवळ कपाटाच्या काचेसारखी गुळगुळीत होती आणि त्यांच्या चेंडूला टाकीमागच्या खाचखळग्यांची सवय. तरी सतराव्या होलपर्यंत दोघं बरोबरीत होते. अठराव्यावर त्यांचा चेंडू भोकाच्या काठावर जाऊन थांबला, तिथून त्याने हेडक्लार्कांकडे पाहिलं आणि आत जायचं नाही असं ठरवलं. एका फटक्याने हरले. पण अठराच्या अठरा होलवर ते कमरेतून वळले, शिक्क्यासकट, आणि शेवटचा चेंडू उचलून खिशात टाकताना त्यांनी हुं की चूं केलं नाही. जिंकलेले माजी अध्यक्ष मात्र दर होलवर घट्ट खिशात बोटं घालताना कण्हत होते.

बक्षीस समारंभ आतल्या दालनात होता आणि दालनात कोट सक्तीचा होता. नियम पुस्तिकेच्या तेराव्या पानावर होता. हेडक्लार्क बायकोला म्हणाले, राहू दे, आपण इथेच बसू. दोघं पायरीवर बसून थर्मासमधला चहा पीत होती, तेवढ्यात माजी अध्यक्ष बक्षिसाचा कप तसाच आत टाकून बाहेर आले. कोट काढून हातावर घेतला होता. ते सरळ बायकोपुढे उभे राहिले.

“बाई, माझी कंबरही गेली चार वर्षं अशीच आहे,” ते म्हणाले. “मला अशी एक पँट शिवून द्याल का? खिशांसकट. समितीचं मी बघतो. ते वाक्यही उद्याच काढायला लावतो.”

हेडक्लार्कांना वाटलं, झालं, जिंकलो. उद्या अर्धा क्लब हिच्या मशीनपुढे रांगेत उभा राहणार. ते बायकोच्या होकाराची वाट बघू लागले.

“वाक्य काढा, काढायलाच हवं ते,” बायको म्हणाली. “पण पँट नाही शिवणार.”

“का हो?”

“ही एका दुपारची शिवण वाटते का तुम्हाला? ह्याच्या आधी चार शिवल्या आणि चारही फाडल्या. हे झोपले की ह्यांची कंबर कुशीवर कशी वळते ते बघायचे आणि परत बेतायचे. पाचवी जमली तेव्हा ह्यांच्या हातात दिली.” तिने कप खाली ठेवला. “गणवेश मी कोणालाही शिवून देते. एवढं सगळं मी तुमच्यासाठी का करू?”

माजी अध्यक्षांनी कोट पुन्हा अंगात चढवला आणि मान लववून ते आत गेले.

चार पँटींचं हेडक्लार्कांना काहीच माहीत नव्हतं. त्यांना तर तिने सांगितलं होतं की कापड पडून होतं, म्हणून शिवून टाकली. ते चहाच्या कपात बघत बसले आणि त्यांना एकदम नीट दिसेनासं झालं. थोड्या वेळाने बायको म्हणाली, चला, बस जाईल. मागच्या फाटकाने जवळ पडलं असतं, पण हेडक्लार्क तिचा हात धरून मोठ्या दालनाच्या उघड्या दारासमोरून निघाले, सगळ्या कोटांच्या देखत, अगदी सावकाश.